टोपीतल्या चाव्या

शकुनवहिनींचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. "ताई, हे गेले जी," एवढंच त्या म्हणाल्या आणि नंतर फोन तसाच सुरू राहिला. पलीकडे एकोडीच्या त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या, कुणीतरी बादली सरकवली तीही ऐकू आली, पण वहिनींचा आवाज काही येईना. मी इकडून "कधी? कसे? परवा तर बरे होते ना?" असं विचारत राहिले... माणूस गेल्यावर असले प्रश्न विचारून काय मिळतं कुणास ठाऊक, पण तोंड बंद राहत नाही. मोहरी जळून काळी झाली तेव्हा नवऱ्यानं येऊन गॅस बंद केला आणि काही न विचारता गाडी काढायला गेला.

मनोहर लंजे हे नाव आज किती वाचकांना आठवेल मला माहीत नाही. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. गेल्यावर पेपरात दोन ओळी आल्या, त्यातली एक चुकीची. मला त्याचा राग आला आणि त्या रागातच हे लिहायला बसले, खोटं कशाला बोलू! ज्या काळात ते आमच्या भागात ठाणेदार होते त्या काळात मी त्याच तालुक्यात नायब तहसीलदार होते. पुरातून, आगीतून, खड्ड्यातून माणसं कशी काढतात ते मी त्यांच्याजवळ उभी राहून पाहिलं आहे. आणि एक माणूस त्यांच्या हातून कसा निसटला तेही पाहिलं आहे. 'तो माणूस माझ्या टोपीमुळे गेला का?' या एका प्रश्नात लंजेसाहेब असे अडकले की चौकशी संपली, नोकरी संपली, तरी त्यातून त्यांना बाहेर काही पडता आलं नाही. टोपी कुठली, ते सांगते.

त्यांची माझी पहिली भेट म्हणजे भांडण. मी नवीनच रुजू झाले होते, अंगात सरकारी रग होती. पावसाळ्याआधी सगळ्या खात्यांची एक बैठक होते. महसूल, पोलीस, पाटबंधारे, वन, आरोग्य, वीज, सगळे येतात, बिस्किटं खातात आणि 'आमची तयारी पूर्ण आहे' असं सांगून जातात. त्या बैठकीत बोटी किती, दोर किती, कुठल्या गावाला धोका, असं सगळं मी वाचून दाखवलं. मागच्या खुर्चीतून आवाज आला, "मॅडम, हे सारं बराबर हाये जी. पन पूर आला तं पयले कोन कोनाले फोन करन?" मी म्हणाले, "नियंत्रण कक्ष करेल." "अना कक्षाले कोन सांगन?" "तलाठी सांगेल." "अना तलाठ्याचा फोन लागला नाही तं?" सगळे हसायला लागले. माझं डोकं सणकलं. "मग तुम्ही जीप घेऊन गावोगाव दवंडी द्या," मी म्हणाले. तसे ते उठून उभे राहिले आणि अगदी गंभीर तोंड करून म्हणाले, "देतो ना जी. डफडं मात्र तुमच्या खात्यानं पुरवाव लागन." बैठक संपल्यावर बाहेर टपरीवर त्यांनीच मला चहा पाजला. म्हणाले, "ताई, राग नोका मानू. इथं सारे आपापल्या खुर्चीचे मालक हायेत. पुरात खुर्च्या वाहून जातात. तवा पाहजा." तेव्हापासून मी त्यांची ताई झाले ती शेवटपर्यंत.

पाहायला फार दिवस लागले नाहीत. त्याच पावसाळ्यात बपेऱ्याकडे बावनथडी चढली. नदीच्या पल्याड मध्य प्रदेश, अल्याड आपण, आणि मधे पाण्यात शाळेच्या गच्चीवर म्हातारेकोतारे, बाया, पोरं आणि दोन बकऱ्या. सगळी खाती हजर होती, हे मुद्दाम सांगते. बोट एका खात्याची आली होती. बोट चालवणारे दुसऱ्या खात्याचे. दोर अग्निशमनच्या गाडीत. आणि बोटीच्या इंजिनाचं पेट्रोल होतं तिसऱ्याच एका जीपमध्ये, जिचे साहेब "मी जरा वर रिपोर्ट देऊन येतो" म्हणत निघून गेले होते! बोट काठाला, माणसं गच्चीवर, आणि आम्ही अधिकारी मंडळी छत्र्या धरून रस्त्याकडे डोळे लावून उभे. साहेब संध्याकाळी आले. आपल्या मागच्या सीटखाली पेट्रोलचा कॅन आहे हे त्या बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. कुणी दगावलं नाही म्हणून नंतर आम्ही ही गोष्ट हसत हसत सांगायचो, पण त्या दिवशी गच्चीवरची एक बाई ओरडून ओरडून शेवटी गप्प झाली होती आणि ती गप्प झाल्याचं आम्हाला काठावर कळलं होतं.

थोड्याच दिवसांनी पुन्हा तेच पाणी, तेच गाव, तीच गच्ची. या वेळी मी पोचले तर काठावरच्या चिंचेखाली ताडपत्री अंथरलेली, आणि लंजेंनी डोक्यावरची टोपी काढून तिच्या मधोमध उलटी ठेवलेली. टोपीत त्यांच्या जीपची चावी. "हं, टाका जी आपापल्या गाडीच्या चाव्या," ते म्हणाले. एक साहेब चिडले, "हा काय जुगार आहे का?" तर म्हणतात, "जुगारच हाये साहेब. मानसं पान्यात हायेत." मी नाक मुरडतच चावी टाकली. वीज कंपनीवाल्यानं टाकली, पाटबंधाऱ्याच्या उपअभियंत्यानं खूप वेळ खिसा चाचपून मग टाकली. पल्याडच्या मध्य प्रदेशातल्या ठाणेदारालासुद्धा फोन करून सांगितलं, "भैया, आप भी सब की चाबी निकाल के रखो." तो हसला म्हणे, पण त्यानंही काढून ठेवल्या. आता आम्हाला कुणालाच कुठे जाता येईना. आणि काय सांगू, जायला वाटच नाही म्हटल्यावर जो तो शेजाऱ्याशी बोलायला लागला! पाणी अजून किती चढेल ते उपअभियंता बोटवाल्याला सांगू लागला, तार कुठे लोंबते आहे ते वीजवाला सांगू लागला. दुपारच्या जेवणाआधी बकऱ्यांसकट सगळे काठावर. तेव्हापासून 'लंजेची टोपी' आमच्या तालुक्यात प्रसिद्ध झाली. वरच्या साहेबांनी भाषणात तिचं कौतुक केलं, आणि नंतर तर कुठे काही झालं की गाड्यांचे चालक न सांगता चावी काढून हातात धरून यायचे.

ही अक्कल त्यांना कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती. पुढे मी एकोडीला त्यांच्या घरी गेले तेव्हा ते मला गावच्या तलावावर घेऊन गेले. भातरोवणीच्या वेळी तलावाचं पाणी सोडायचं झालं की सगळे वाटेकरी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जमत, आणि बसायच्या आधी प्रत्येकानं आपलं फावडं एका ढिगात टाकायचं. वाटप ठरेपर्यंत कुणी उठायचं नाही आणि ढिगाला हात लावायचा नाही. "काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. "फावडा हातात असला का मानूस हो हो म्हनता म्हनता आपल्याच बांधीकडे पानी फोडते जी," लंजे म्हणाले. बांधी म्हणजे भाताचं खाचर. "अना जो पाळीवर उभा राहून वाटप करते, त्यानं दिवसभर फावडा धरावच नाही. धरला का त्याले आपलीच बांधी दिसते." त्यांच्या वडिलांनी कित्येक वर्षं ते वाटपाचं काम केलं होतं. लंजेही तसेच. कितीही धावपळ असो, ते स्वतः दोर ओढायचे नाहीत, की स्ट्रेचर उचलायचे नाहीत. लोकांना वाटे, साहेब आहे म्हणून हात खिशात घालून उभा आहे.

मग नाकाडोंगरीच्या पलीकडच्या जंगलातली ती खाण. खाण म्हणणंही चूकच. कुण्या ठेकेदारानं कधीकाळी मँगनीजसाठी खणून सोडून दिलेला खड्डा, आणि खड्ड्याच्या पोटात एक आडवं भगदाड. आसपासची माणसं उरलासुरला दगड वेचायला त्यात शिरायची. शिरू नये म्हणून पाटी होती, पण पाटी वाचून चूल पेटत नाही. हिवाळ्यातल्या एका सकाळी फागू आणि त्याची बायको इमला असे दोघं आत होते आणि भगदाडाच्या तोंडावरची दरड खाली बसली. मी पोचले तेव्हा लंजे आधीच हजर होते. एका रस्त्याच्या कामावरचा जेसीबी गावकऱ्यांनी आणला होता आणि तो माती उपसत होता. लंजेंनी दोन मिनिटं वर पाहिलं. जेसीबी खालून एक सूप माती काढायचा आणि वरून दोन सुपं खाली यायची. तसे ते जाऊन जेसीबीच्या दातांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बंद कर."

त्या वेळी लोकांनी त्यांना काय काय म्हटलं ते मी इथे लिहू शकत नाही. फागूची म्हातारी आई त्यांच्या गुडघ्यांना धरून बसली होती, "साहेब, खनू द्या... खनू द्या ना जी." एका तरण्या गड्यानं दगड उचलला, तो त्यांच्या खांद्याला लागला. ते हलले नाहीत. मोहाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरायला सांगितली, टोपी उलटी ठेवली, आणि जी जी गाडी येत गेली तिची चावी टोपीत पडत गेली. चालू खाणीतून बचावाचं पथक आलं. त्यांचा प्रमुख म्हणाला, हा खड्डा आमच्या हद्दीतला नाही, मी जाऊन लेखी परवानगी घेऊन येतो. त्याची चावी टोपीत. वनखात्याचे अधिकारी म्हणाले, टेकू द्यायला झाडं तोडायची तर मला कार्यालयात जाऊन विचारावं लागेल. त्यांचीही चावी टोपीत. "अटकलो आपन सारे," लंजे म्हणाले, "ते दोघं आत, आपन भाहेर. आता ते निघतीन तवाच आपन निघू." शेवटी त्या वनअधिकाऱ्यांनीच टेकडीवर चढून, जिथे फोनला रेंज मिळाली तिथून वरिष्ठांशी बोलून, कुठली झाडं तोडायची ते स्वतः हात लावून दाखवलं. पथकाच्या प्रमुखानं लेखी परवानगीचा नाद सोडला आणि टेकू देत देत, हातानं माती काढत, माणूस सरपटेल एवढी वाट करायला घेतली. सगळ्यांना गप्प बसवून लोखंडी पाइप आत सारला तेव्हा त्या पाइपमधून इमलाचा आवाज आला. "आमी हावो," ती म्हणाली. आम्ही आहोत, नुसतं तेवढं. खड्ड्याच्या काठावर उभे असलेले आम्ही सगळे रडलो, मीही रडले, आणि ज्यानं दगड मारला होता तो लंजेंच्या पायाशी जाऊन बसला.

ऊन कलल्यावर इमला बाहेर आली. कपाळ फुटलेलं, पण पायांवर उभी. फागूच्या छातीवर धोंडा होता, त्याला काढायला अजून वेळ लागला. पण निघाला, श्वास सुरू होता. "पानी" म्हणाला. त्याला रुग्णवाहिकेत ठेवलं, इमला शेजारी बसली, चालकानं गाडी सुरू केली... आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं.

तो रस्ता म्हणजे जंगलातली पांदण, एका गाडीपुरती वाट. एका बाजूला बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला चढ. रुग्णवाहिका सकाळी सर्वात आधी आली म्हणून ती खड्ड्याजवळ सर्वात पुढे. तिच्या मागे अग्निशमनची गाडी, तिच्यामागे वनखात्याची जीप, माझी जीप, कुण्या पुढाऱ्याची गाडी, एकामागोमाग एक, पार वळणापर्यंत. सगळ्या बंद. सगळ्यांच्या चाव्या टोपीत. रुग्णवाहिकेच्या चालकाला लंजेंनी चावी काढू दिली नव्हती, तो बिचारा दिवसभर जागेवरून हलला नव्हता, पण त्याला जायला वाट कुठे होती? आणि चावीशिवाय गाडीत बसून करायचं काय, म्हणून बाकीचे चालक कुणी बोडीवर, कुणी गावात चहाला. टोपी ताडपत्रीवर उपडी केली. सरकारी जीपच्या चाव्या सगळ्या एकीसारख्या एक. "ही कुनाची? ही कुनाची?" म्हणत दहा हात त्या ढिगात. लंजे, ज्यांनी कधी दोराला हात लावला नाही, ते ओंजळभर चाव्या घेऊन या जीपमधून त्या जीपमध्ये पळत होते, एक लावून पाहत होते, दुसरी लावून पाहत होते. मी माझी जीप स्वतः मागे घेतली, तिचं चाक बोडीत गेलं. रुग्णवाहिकेच्या काचेतून इमला बाहेर पाहत होती. एक चहा उकळेल एवढाच वेळ गेला असेल... कमीच असेल. गाड्या सरकल्या, रुग्णवाहिका निघाली. डांबरी रस्ता लागायच्या आधी फागू गेला.

डॉक्टर म्हणाले, आतून छाती दबलेली होती, दवाखान्याच्या दारात असता तरी बहुतेक... मग ते थांबले. त्या 'बहुतेक'नं लंजेसाहेबांचा घात केला. डॉक्टरांनी नक्की मेला असता म्हटलं असतं, किंवा नक्की वाचला असता म्हटलं असतं, तरी चाललं असतं, असं ते मला पुढे कितीदा तरी म्हणाले.

वरून चौकशी समिती आली. सगळ्या खात्यांनी आपापलं म्हणणं दिलं आणि सगळ्यांच्या म्हणण्यात एक वाक्य सारखं होतं, की वाहनांच्या चाव्या ठाणेदारांच्या ताब्यात होत्या. एकानंही खोटं लिहिलं नव्हतं हो! तेच तर दुखणं. बपेऱ्याला ज्यांनी त्याच टोपीला टाळ्या वाजवल्या होत्या ते आता "आम्ही तर तेव्हाच विरोध केला होता" म्हणू लागले. मी माझ्या जबाबात लिहिलं की चाव्या टोपीत नसत्या तर निम्मे लोक दुपारीच निघून गेले असते आणि इमलासुद्धा हाती लागली नसती. ते कुणी वाचलं की नाही मला माहीत नाही. समितीसमोर लंजेंना विचारलं, इतर विभागांची काही जबाबदारी होती असं तुम्हाला वाटतं का? मी तिथेच बसले होते. ते म्हणाले, "त्या टायमाले सारे विभाग माह्या टोपीत होते साहेब. चूक माही. पाळीवर चाललं ते पांदनीत चालत नाही, हे मले समजाले पाह्यजे होतं." बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर इतकी भडकले! म्हटलं, "तुम्हाला काय हरिश्चंद्र व्हायचंय? थोडं तरी वाटून घेऊ द्या ना लोकांना." म्हणाले, "ताई, पानी वाटता येते. हे कसं वाटू?"

त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, वेतनवाढ रोखली, आणि ते तिथूनच निवृत्त झाले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण माणूस आक्रसत गेला. बंद दाराच्या खोलीत बसेनात. लग्नाला गेले तर मांडवाच्या कडेला, बसमध्ये दाराजवळ. एकोडीच्या घरी उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. कुणी पाहुणा गाडी घेऊन आला की हे आधी उठून, "तोंड रस्त्याकडे करा जी, तोंड रस्त्याकडे," म्हणत गाडी फिरवायला लावायचे, मगच राम राम. जावयानं एकदा ऐकलं नाही तर त्याच्याशी जेवणाच्या पानावर बोलले नाहीत. मी किती वेळा म्हटलं, "साहेब, इमला जिवंत आहे ना?" "हाये ना जी." "मग ती नाही का धरायची हिशेबात?" "धरतो ना ताई. तिले पाहतो अना फागू आठवते." तेव्हा मला वाटलं, पाहतो म्हणजे मनात पाहतात.

शेवटचं भेटले ते त्यांच्या जाण्याच्या थोडे दिवस आधी, त्याच उंबऱ्यावर. वहिनी आत चहा करत होत्या. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक काम सांगून ठेवतो. शकुनले मालूम नाही." आणि मग सांगितलं. फागू गेला तो दिवस आला की दर वर्षी ते इमलाच्या गावी जात. घरी सांगत, जुन्या केसची कोर्टात तारीख आहे. तिच्या अंगणात खाटेवर बसत. "मंग?" मी विचारलं. "मंग ती शिव्या देते." "आणि तुम्ही?" "ऐकतो." "काय म्हणते?" "म्हनते, तुह्या चाव्यायनं माह्या नवऱ्याले मारलं." हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी नेहमीसारखा होता. "मंग थकली का ती आत जाते अना मी उठतो. दुपारची बस भेटते. आता माह्यानं होईन असं वाटत नाही ताई. मी नाही गेलो तं तिले सांगजा. वाट पाहीन बिचारी." मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही जा, धडधाकट तर आहात." ते हसले. तेवढ्यात चहा आला.

तेरवी झाल्यावर मी वहिनींना सांगितलं. आधी त्यांना राग आला. "इतके वरस मले खोटं सांगत होते? कोर्टाची तारीख म्हनून मी भाकरी बांधून देत होतो!" मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "चाला ताई. आपन जाऊ." मागच्या आठवड्यात आम्ही दोघी गेलो. इमला अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. कपाळावर जुना व्रण, केस पांढरे. मला तिनं ओळखलं. वहिनी कोण ते मी सांगायच्या आतच तिला समजलं असावं, कारण तिच्या हातातलं सूप थांबलं.

"गेले ना?" ती म्हणाली. "बसवाल्यानं सांगतलं मले."

कडुनिंबाखाली एक खाट होती. वहिनी तिच्यावर बसल्या. "तेही तिथंच बसत," इमला म्हणाली, आणि आत जाऊन दोन गिलास पाणी घेऊन आली. एक मला दिला, एक वहिनींना. मग उभ्या उभ्याच बोलू लागली. "त्यायले कधी पानी नाही इचारलं मी. एवढ्या लांब चालत येत बसथांब्यावरून, तरी नाही. इचारलं असतं तं त्यायचं येनं बंद झालं असतं. त्या दिवशी किती गाड्या होत्या बाई... किती साहेब होते. कोनी आलं नाही माह्या दारात. एक तेच येत. मी दोष देतो त्यायले, आजही देतो. आत अंधारात पाइपातून आवाज आला तं तोही त्यायचाच, 'घाबरू नोको, आमी इथंच हावो' म्हने. अना वर निघालो तं माह्या मानसाले..." ती सुपातल्या तांदळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आता मी कोनाले शिव्या देऊ?"

"मले दे," वहिनी म्हणाल्या. "मी येत जाईन."

इमला चमकली. "तुमाले कायले? तुमी का चाव्या ठेवल्या होत्या?"

"टोपी तं मीच पुसून त्यायच्या हाती देत होतो," वहिनी म्हणाल्या. आणि हातातला पाण्याचा गिलास, ओठाला न लावता, त्यांनी खाटेखाली जमिनीवर ठेवून दिला.

इमला त्या गिलासाकडे पाहत राहिली. मग तिनं सूप बाजूला सारलं, वहिनींच्या समोर मातीत बसली, डोळे पुसले आणि पहिली शिवी दिली. वहिनींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, आणि त्या ऐकत होत्या.